आबांचं आपोआप फिरणारं चाक

गिरणाकाठचा | ११ एप्रिल, रात्री १०:४०

माझं चाळीसगावजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सध्या सीझन जोरात आहे. रोज चार-पाच जळालेल्या मोटरी येतात, दिवसभर तांबं गुंडाळत बसायचं. तरी आज मुद्दाम लिहायला बसलो, कारण घरातच भांडण झालंय.

आमच्या आबांनी (सख्खे चुलते, वय ६८, बागायतदार) मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि कोणाकडून तरी ३८ हजाराला 'बिनविजेचं जनित्र' आणलं. एक एचपीची मोटर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्यावर पन्नास किलोचं दोन फुटी फ्लायव्हील, त्यावरून अल्टरनेटर, आणि अल्टरनेटरची वायर परत मोटरीला. एकदा लाईटवर सुरू करायचं, मग लाईट काढून घ्यायची. पुढे ते स्वतःच स्वतःला फिरवतं आणि वर पाच एचपीचा पंपही ओढतं म्हणे. रात्री दोनला थ्री फेज येते म्हणून बॅटरी घेऊन शेतात जाणाऱ्या माणसाला असलं काही दिसलं तर तो भुलणारच, त्यात आबांना मी हसत नाही.

मी मीटर लावला. मोटरीत साडेसातशे वॅट गेले, अल्टरनेटरमधून चारशे चाळीस आले. आबांना दाखवलं. ते म्हणाले, "आपला पाटणना भास्कराचार्यांनी आपोआप फिरणारं चाक लिखी ठेवेल शे. तुले आयटीआयमा शिकाडं नही म्हनीसन ते खोटं शे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथल्या पाटण गावच्या पाटणादेवीला शंभरदा गेलोय, पण भास्कराचार्यांचं चाक कधी ऐकलं नव्हतं. खरंच लिहिलंय का? आणि लिहिलं असेल तर फिरत का नाही?

---

वरणबट्टी | ११ एप्रिल, रात्री ११:०२

आबांना सांगा, ते चाक चालू झालं की जळगावला पहिलं कनेक्शन माझं. कूलर, फ्रीज आणि सासूबाईंचा मिक्सर. (हलकं घ्या. ३८ हजार गेले ते मात्र हलकं घेण्यासारखं नाही.)

---

सावदेकर_सर | १२ एप्रिल, सकाळी ६:१५

गिरणाकाठचा, मीटर लावलास तिथेच अर्धी लढाई जिंकलास. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, पण वर्गात इतकं चांगलं उदाहरण मिळालं नाही.

व्हिडिओत बल्ब खरोखर जळतो, त्यात लबाडी असेलच असं नाही. तुझ्या चाकाचा हिशोब मांडू. ५० किलो, त्रिज्या ०.३ मीटर, भरीव, मिनिटाला १४४० फेरे. त्यात साठलेली ऊर्जा भरते साधारण पंचवीस-सव्वीस हजार ज्यूल. लाईट काढल्यावर ६० वॅटचा बल्ब यावर सात मिनिटं जळेल, घर्षण धरलंच नाही तर. व्हिडिओ किती मिनिटांचा होता?

आता पाच एचपीचा पंप लाव. तो ३७०० वॅटच्या वर मागतो. त्याच चाकावर तो सात सेकंद चालेल. पाणी फूटव्हॉल्व्हपासून वर यायच्या आत.

म्हणजे फ्लायव्हील हा माठ आहे, विहीर नव्हे. भरलं तेवढंच निघतं, आणि झिरपून थोडं कमीच.

---

गिरणाकाठचा | १२ एप्रिल, दुपारी १:३०

सर, व्हिडिओ तीन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. 🙏

सात सेकंदांचं आबांना सांगितलं. गप्प बसले. मग म्हणाले, "आणि भास्कराचार्य?"

---

पाटणची_लेक | १२ एप्रिल, रात्री ९:२०

आबांचं म्हणणं अर्धं नाही, पूर्ण खरं आहे! 'सिद्धांतशिरोमणी'त, म्हणजे ११५० च्या ग्रंथात, गोलाध्यायामध्ये यंत्रांचं एक प्रकरण आहे. त्यात 'स्वयंवह' यंत्र येतं. हलक्या लाकडाचं चाक घ्या, त्याला सारख्या अंतरावर सारख्या जाडीच्या पोकळ आऱ्या बसवा, सगळ्या एकाच बाजूला थोड्या कललेल्या. प्रत्येकीत अर्धा पारा भरून तोंड बंद करा. दोन खांबांवर आस टेकवला की चाक आपोआप फिरतं, असं लिहिलंय. कल्पना त्यांच्याही आधीची आहे, ब्रह्मगुप्ताने ती ६२८ मध्ये मांडली होती. युरोपात असलं चाक कागदावर दिसतं ते तेराव्या शतकात, व्हिलार द ओनकूर नावाच्या फ्रेंच माणसाच्या वहीत.

त्याच प्रकरणात भास्कराचार्य आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला जास्त आवडते. सगळ्या यंत्रांत त्यांना सर्वांत थोर वाटतं ते 'धीयंत्र', म्हणजे बुद्धी. हातात एक काठी धरायची आणि नजरेने झाडाची, डोंगराची उंची काढायची. पाऱ्याच्या चाकाला काही ओळी देऊन ते पुढे जातात. चाक त्यांनी स्वतः करून बघितलं असेल असं मला तरी वाटत नाही.

---

सह्याद्रीपुत्र | १२ एप्रिल, रात्री १०:११

बघा! आपल्याकडे सगळं होतं. पाश्चात्त्यांनी ग्रंथ नेले आणि आपण मीटर लावत बसलो. पारा शुद्ध नसेल म्हणून फिरत नसेल.

---

शून्य_ते_एक | १२ एप्रिल, रात्री १०:४५

सह्याद्रीपुत्र, पारा शुद्ध असो की अशुद्ध, चाकाला फरक पडत नाही. उतरत्या बाजूला पारा कडेला जातो, म्हणून ती बाजू जड वाटते. पण चढत्या बाजूला त्याच वेळी जास्त आऱ्या असतात. एकीकडे हात लांब पण माणसं कमी, दुसरीकडे हात आखूड पण माणसं जास्त. बेरीज शून्य. चाक दोन हेलकावे खातं आणि थांबतं. कोणाला खोटं वाटत असेल तर सायकलची रिंग आणि पाण्याच्या अर्ध्या बाटल्या घेऊन बघा. मी आठवीत धुळ्याला आजोळच्या ओट्यावर केलंय. बाटल्या फुटल्या, मार खाल्ला.

आणि ही चूक फक्त आपल्याकडची नाही, सगळ्या जगाची आहे. जर्मनीत ऑर्फिरेयस म्हणवून घेणाऱ्याचं चाक १७१७ मध्ये कुलूपबंद खोलीत ठेवलं. ५४ दिवसांनी दार उघडलं तर फिरतच होतं. पुढे त्याच्या मोलकरणीने साक्ष दिली की शेजारच्या खोलीतून ते हाताने फिरवत होते. शेवटी १७७५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने जाहीर केलं की असले प्रस्ताव आम्ही यापुढे तपासणारच नाही.

---

सह्याद्रीपुत्र | १२ एप्रिल, रात्री ११:००

तपासणारच नाही म्हणजे बंद डोक्याचेच की! विज्ञान खुलं असतं ना?

---

सावदेकर_सर | १३ एप्रिल, सकाळी ६:०५

प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नका. 'अशक्य' म्हटलं की दार बंद झालं असं वाटतं. इथे उलट झालं, आणि विज्ञानाच्या इतिहासातली ही मला सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

नेदरलँड्सकडच्या सायमन स्टेविनने १५८६ मध्ये एक चित्र छापलं. दोन उतार, एक लांब, एक तीव्र, आणि त्यांच्यावरून टाकलेली सारख्या मण्यांची बंद माळ. लांब उतारावर मणी जास्त, तीव्र उतारावर कमी. माळ घसरेल का? घसरली तर एक मणी खाली गेला की दुसरा त्याच्या जागी येणार, आकार तोच राहणार, म्हणजे ती कायमच फिरत राहील. आणि असं तर होत नाही. म्हणून माळ स्थिर. म्हणून लांब उतारावरचे चार मणी आणि तीव्र उतारावरचे दोन मणी एकमेकांना तोलतात. उतारावरच्या वजनाचा नियम त्याने एकही समीकरण न मांडता, एकही तराजू न उचलता काढला. नुसत्या एका 'नाही'वरून! ते चित्र त्याला इतकं आवडलं की त्यावर वाक्य घातलं: आश्चर्य आहे, आणि आश्चर्य नाहीही.

२३८ वर्षांनी, १८२४ मध्ये, सादी कार्नो या फ्रेंच इंजिनियरने तेच केलं. आपोआप फिरणारं यंत्र अशक्य, एवढं गृहीत धरून त्याने कोणत्याही उष्णतेच्या इंजिनाची कमाल मर्यादा काढली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि ३६ व्या वर्षी कॉलऱ्याने गेला. हे 'नाही' नसतं तर भुसावळचं रेल्वे इंजिन कसं सुधारायचं हेही कळलं नसतं.

---

वरणबट्टी | २ मे, दुपारी ३:१०

धागा वर काढतेय. बाहेर ४४ अंश. गच्चीवर पापड दहा मिनिटांत कडक. एक बाळबोध प्रश्न: एवढी उष्णता फुकट पडलीय, तर जळगावने अख्ख्या महाराष्ट्राला वीज का विकू नये? सोलर नको सांगू, साकरीकडे सौर प्रकल्प आहे ते माहीत आहे. तो उजेडावर चालतो. मी म्हणतेय नुसत्या गरम हवेवर.

---

सावदेकर_सर | २ मे, रात्री ८:३०

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. कार्नो हेच सांगून गेला. उष्णतेने काही चालत नाही, उष्णतेतल्या फरकाने चालतं. पाणी कितीही असलं तरी पाटाला उतार नसेल तर ते वाहत नाही, तसं.

उनपदेवच्या गरम झऱ्याचं उदाहरण घे. समजा पाणी ६० अंशाचं आहे आणि भोवतालची हवा ३० अंश. तर जगातलं सर्वोत्तम इंजिनही त्या उष्णतेतले जेमतेम ९ टक्के कामाला लावेल. हवा ४५ झाली की साडेचार टक्के. म्हणजे उन्हाळा वाढला की इंजिन अर्धं झालं! भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात एवढे मोठाले कूलिंग टॉवर आणि तापीचं पाणी लागतं ते याचसाठी. कोळशाने गरम बाजू होते, पण गार बाजूही तयार ठेवावी लागते. जळगावात गरम बाजू मुबलक आहे. गार बाजू नाही.

---

रावेरचा_घड | २ मे, रात्री ९:१२

सर, मोठ्या माणसाला अडवू नये, पण इथे अडवतो. गार बाजू आहे. प्रत्येकाच्या ओसरीत आहे. माठ.

सारंगखेड्याच्या यात्रेतून पोरीसाठी काचेचा पाणी पिणारा पक्षी आणला होता. डोक्याला मखमल, चोच ग्लासात बुडवतो, उभा राहतो, परत बुडवतो. सेल नाही, चावी नाही. पहिले दोन दिवस मीही आबांसारखाच बघत बसलो. मग लक्षात आलं, ग्लासातलं पाणी संपलं की हा थांबतो. मग वाटलं पाणी हेच इंधन. पण पाणी तर जळत नाही!

---

सावदेकर_सर | २ मे, रात्री ९:४०

हरलो. शंभर टक्के हरलो, आणि फार आनंद झाला.

४४ अंशाच्या कोरड्या हवेत ओलं फडकं वीस-बावीस अंशांपर्यंत गार होतं. म्हणजे सरळ वीस अंशांचा फरक, भर दुपारी. पक्ष्याचं डोकं ओलं, म्हणून गार. आत डायक्लोरोमिथेनसारखं पटकन उडणारं द्रव. गार डोक्यात वाफेचा दाब कमी होतो, द्रव मानेतून वर चढतं, डोकं जड होऊन पक्षी वाकतो. वाकला की नळीचं खालचं तोंड उघडं पडतं, दाब सारखे होतात, द्रव खाली, पक्षी उभा. म्हणजे ते एक छोटं, प्रामाणिक उष्णतेचं इंजिन आहे. त्याचं इंधन पाणी नव्हे, हवेचा कोरडेपणा. आणि त्या बाबतीत जळगाव खरंच श्रीमंत आहे.

---

रावेरचा_घड | ३ मे, दुपारी ३:३०

मोजलं. बाहेर ओसरीत मिनिटाला चार डुबक्या. कूलरच्या खोलीत दीड. सर, तुमचं बरोबर दिसतंय. खोली गार असूनही हा आळशी झाला, कारण तिथली हवा ओली.

केळीला असल्या हवेत पाणी किती लागतं हे आता वेगळं सांगायला नको.

---

शून्य_ते_एक | ४ मे, रात्री ११:५५

फरक हा शब्द आलाच आहे तर मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट सांगते. मी पुण्यात चिप डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे ही आमच्या पोटापाण्याचीही आहे.

१८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका मित्राला पत्रात एक खोडसाळ कल्पना लिहिली. एका डब्याचे दोन कप्पे, मध्ये बारीक दार. दारावर एक चिमुकला जीव. हवेतले वेगवान रेणू आले की तो त्यांना उजवीकडे सोडतो, मंद रेणूंना डावीकडे. थोड्या वेळाने उजवा कप्पा गरम, डावा गार. फरक तयार! आणि तो फुकटात, कारण दार वजनहीन आहे. मग त्या फरकावर आबांचा पंप चालवा. पुढे याला 'मॅक्सवेलचा राक्षस' नाव पडलं, पण मला तो राक्षस कधीच वाटला नाही. माझ्या डोळ्यांसमोर पांझरेच्या फडावरचा पाटकरी येतो. बंधाऱ्याच्या पाटावर कोणतं दार कधी उघडायचं, कोणाच्या शेताला पाणी गेलं, कोणाचं राहिलं, हे ठेवणारा. माझे पणजोबा तेच करायचे.

आता कोडं: पाटकरी शक्ती लावत नाही, फक्त बघतो आणि ठरवतो. मग बघण्यातून वीज तयार होते का?

साठ वर्षं नीट उत्तर नव्हतं. १९२९ मध्ये लिओ झिलार्ड म्हणाला, माहिती मिळवण्यालाच किंमत पडत असेल. जवळ पोहोचला, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं. १९६१ मध्ये रॉल्फ लँडावरने दाखवलं की माहिती पुसण्याला किंमत पडते, आणि १९८२ मध्ये चार्ल्स बेनेटने ते राक्षसाला लावलं. पाटकऱ्याकडे वही आहे. प्रत्येक रेणूची नोंद तिच्यात होते. वही कोरी आहे तोवर धंदा फायद्यात. पण वही भरते. पुढे चालू ठेवायचं तर पानं पुसावी लागतात, आणि पुसताना कमीत कमी तेवढी तरी उष्णता बाहेर पडते जेवढी कमाई झाली होती. सगळ्यांनी पाणी मोजलं, दार मोजलं, पाटकऱ्याची वही मोजायची राहिली.

एक बिट (शून्य की एक, एवढीच नोंद) पुसायला लागणारी कमीत कमी ऊर्जा: दशांश चिन्हानंतर वीस शून्यं आणि मग तीन, इतके ज्यूल. २०१२ मध्ये प्रयोगात मोजूनही झालं.

---

वरणबट्टी | ५ मे, सकाळी १०:२०

वीस शून्यं मला काही सांगत नाहीत. केळ्यात सांगा.

---

शून्य_ते_एक | ५ मे, दुपारी १:०५

😄 शंभर ग्रॅमचं केळं जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. तेवढ्यात, तत्त्वतः, चार हजार कोटी जीबी पुसता येतील. आमच्या आजच्या चिपा याच्या हजारो पट खर्च करतात, म्हणून फोन गरम होतो. म्हणजे सुधारणेला जागा भरपूर आहे, पण तळ आहे. शून्य कधीच नाही.

आणि हो, ही किंमत तापमानाच्या प्रमाणात वाढते. २० अंशाच्या महाबळेश्वरपेक्षा ४५ अंशाच्या जळगावात विसरणं साडेआठ टक्के महाग आहे.

---

वरणबट्टी | ५ मे, दुपारी १:१०

म्हणूनच इथल्या सासवा काही विसरत नाहीत!!

---

तात्या_पारोळेकर | ५ मे, रात्री ९:५०

छान चाललंय. पण एक शंका. माझी आई ८५ ची. तिचं विसरणं आम्ही रोज बघतो. तिला कुठे काय मोजावं लागतं? आपोआप जातंय सगळं. तुमच्या लँडावरचा नियम तिथे कसा?

---

शून्य_ते_एक | ५ मे, रात्री १०:३०

तात्या, तिथे मी तो लावणार नाही. लँडावरचं 'पुसणं' म्हणजे आधी शून्य होतं की एक हे न बघता पान मुद्दाम कोरं करणं. पुढच्या नोंदीसाठी जागा करणं. आईंच्या बाबतीत वही कोरी होत नाहीये, पानं फाटताहेत. दोन्हीला मराठीत एकच शब्द आहे म्हणून गोष्टी एक होत नाहीत. भौतिकशास्त्रातून असले सुविचार काढणारे फार झालेत, मला त्यांच्यात जायचं नाही. त्यांची काळजी घ्या.

---

तात्या_पारोळेकर | ५ मे, रात्री १०:४१

हे उत्तर आवडलं.

---

पाटणची_लेक | १९ मे, रात्री ८:००

मध्यंतरी माहेरी गेले होते, पाटणादेवीला जाऊन आले. चाकाच्या या गप्पा डोक्यात होत्याच, आणि शिलालेखासमोर उभी असताना एकदम ट्यूब पेटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, त्याचा हा १२०७ चा लेख. भाऊ दाजींनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. वरचा भाग संस्कृत, शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. (भास्कराचार्य जन्माने इथलेच की विजापूरकडचे, हा वाद कृपया इथे नको. वेगळा धागा काढा.)

संस्कृतात वंशाची थोरवी आहे. मराठीत काय आहे? हिशोब! बाजारातल्या कराचा वाटा मठाला, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल.

म्हणजे स्वयंवह यंत्र ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ शिकवणारी शाळा पळीपळीने गोळा केलेल्या तेलावर चालत होती, आणि हे दगडावर कोरून ठेवावं इतकं चांगदेवाला ठाऊक होतं. आबांना सांगा, दोन्ही आपल्याच पाटणचं आहे.

---

सह्याद्रीपुत्र | १९ मे, रात्री ८:४४

हे माहीत नव्हतं. लेखाचे फोटो असतील तर टाका ताई.

---

गिरणाकाठचा | ८ जून, रात्री ९:३०

उशिरा आलो, माफी. दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती.

आबांना तेलाचं वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, "घानाले बी बैल लागस." मग दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, चाक काढ. पैसे परत मिळाले नाहीत, विकणाऱ्याचा फोन लागत नाही. फ्लायव्हील मात्र चांगल्या बिडाचं आहे. ते मी कडबाकुट्टीला बसवून दिलं. जाड धांडा आला की मशीन अडकायचं, आता एका दमात कापतं. सर, तुमचा माठ कामाला आला. अल्टरनेटर दुकानात पडलाय, कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सौरपंपासाठी अर्ज भरलाय. नंबर कधी लागतो बघू.

---

रावेरचा_घड | १४ जून, संध्याकाळी ६:५०

आज चारला आभाळ भरून आलं, तासभर धोधो पडला. मातीचा वास आहे. पक्षी ओसरीतच होता, ग्लास भरलेला.

मिनिटाला दोन, मग एक. साडेपाचपासून मान वाकडी करून उभा आहे. पोरगी विचारतेय, बिघडला का?

---

गिरणाकाठचा | १४ जून, संध्याकाळी ७:१५

आबांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणतात, "त्याले सांग, पक्षी ठेवी दे कपाटमा, आनी बियानं काढ."